लाल खुणेचे धोटे

परेरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला गिअर काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्याचे दोन दात मुळापासून गेले होते.

"कर्णिक, हा तुमच्या कापडाचा."

"गिअर तुम्ही बनवता. आम्ही फक्त कापड विणतो."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो. रेझिनवाल्याकडे जाऊन आलोय. त्याची चूक नाही. भिंगातून बघा."

मी पाहिले. तुटलेल्या कडेवर एक बारीक सरळ रेघ होती. त्या रेघेत सूत नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे. मी परळच्या एका कापडगिरणीत विणाईचा असिस्टंट इंजिनिअर होतो. परेरा गिरगावात राहणारे, बेताचे बोलणारे गृहस्थ. चिंचपोकळी स्टेशनाजवळच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. त्यांचा कारखाना कापडी बेकेलाइट बनवी आणि त्यासाठी लागणारे जाड सुती कापड आमच्याकडून घेई.

कापडी बेकेलाइट म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. कापड रेझिनमध्ये, म्हणजे पातळ केलेल्या राळेत, भिजवतात. वाळवून त्याचे थरावर थर रचतात आणि गरम प्रेसखाली दाबतात. थर एकजीव होतात आणि लाकडाहून कठीण अशी फळी तयार होते. त्या फळीतून गिअर कापतात. असे गिअर लोखंडी गिअरसारखे खणखणत नाहीत. ताकद मात्र राळेची नसते. घराच्या स्लॅबमध्ये जे काम सळ्या करतात, ते इथे पोटातले सूत करते. एखाद्या जागी आडवा धागा नसला, तर तिथे नुसती राळ उरते. नुसती राळ काचेसारखी फुटते.

धागा का नसतो, तेही समजण्यासारखे आहे. गिरणीत मागाला साचा म्हणत. साच्यावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांच्यामधून धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि ती काही मिनिटांत संपते. मग विणकराने साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची, साचा पुन्हा चालू करायचा. जिथे साचा थांबला, तिथे कापडावर बारीक पट्टी उमटते. सदऱ्याच्या कापडात ती कोणाला दिसत नाही. गिअरमध्ये ती दाताच्या मुळाशी आली, तर दात जातो.

"ह्या पट्ट्या बंद करा," परेरा उठताना म्हणाले. "नाहीतर मला दुसरी गिरणी बघावी लागेल. मला आवडणार नाही. पण बघावी लागेल."

मॅनेजरसाहेबांनी ऑटोमॅटिक साचे मागवले. एका भिंतीलगत एक ओळ मावेल एवढेच. ह्या साच्याच्या बाजूला भरलेल्या कांड्यांचे चक्र असते. धोट्यातली कांडी संपत आली की साचाच चालत्या धोट्यात नवी कांडी वरून ठोकून बसवतो. थांबणे नाही, म्हणून पट्टी नाही.

ऑटोमॅटिक साच्याचे नाव गिरणगावात चांगले नव्हते. एक माणूस जास्त साचे पाहणार आणि बाकीचे घरी बसणार, असा त्याचा अर्थ लोक घेत. तो बहुतेक ठिकाणी खराही होता. आमच्याकडे मात्र हे साचे जुन्यांच्या जागी नव्हते. जादा होते. कोणी कमी होणार नव्हता, उलट नवे विणकर लागणार होते. युनियनने हरकत घेतली नाही. इथपर्यंत सगळे सरळ होते.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत गंगाराम जाधव माझ्याकडे आला. तो रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात होता. वय पस्तिशीच्या आसपास, उंच, आवाज खणखणीत. राहायला भोईवाड्यात. त्याचे वडीलही त्याच रिंग खात्यात आयुष्य काढून निवृत्त झाले होते. अलीकडेच त्याच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती.

"साहेब, नव्या साच्यांवर माणसं घेताय म्हणतात."

"घेतो आहोत."

"माझं नाव घाला."

मी यादी पुढे ओढली, पण पेन उचलले नाही. त्याने ते ओळखले.

"नव्या धोट्याला तोंड लावावं लागत नाही, असं ऐकलं. खरं की खोटं?"

"खरं आहे."

"मग अडचण कसली राहिली?"

ही अडचण आजच्या वाचकाला ठाऊक नसेल. जुन्या धोट्याच्या टोकाशी एक बारीक भोक असे. नवी कांडी घातली की तिचे सूत त्या भोकातून बाहेर काढायचे. त्यासाठी विणकर भोकाला ओठ लावी आणि श्वास आत ओढी. सूत झटकन बाहेर येई. दिवसातून शेकडो वेळा हे चाले. पाळी बदलली की तोच धोटा पुढच्या माणसाच्या ओठाला लागे. म्हणून गंगारामच्या समाजातल्या माणसाला साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, कोणी येऊ देत नसे. असा लेखी नियम कुठे नव्हता. त्याची गरज पडत नव्हती. विणकराचा पगार रिंग खात्याहून बराच जास्त होता, आणि ते दार बापापासून लेकापर्यंत बंद होते. खात्यात खोकणारी माणसे पुष्कळ होती. त्यांचा धोटा सगळे वाटून घेत. त्याला हरकत नव्हती.

ऑटोमॅटिक साच्याचा धोटा वेगळा असतो. त्याच्या भोकाला एक चीर ठेवलेली असते. कांडी बदलली की पहिल्या फेरीत सूत त्या चिरेत घसरते आणि दुसऱ्या फेरीत आपोआप ओवले जाते. तोंड लावायला माणूसच लागत नाही. म्हणजे अडचणीचे कारण त्या चिरेने काढून टाकले होते. इंजिनिअर म्हणून मला हे पटले. मी त्याचे नाव घातले.

साळखात्याचा जॉबर परब होता. जॉबर म्हणजे साचे लावणारा आणि विणकरांवर देखरेख ठेवणारा मुकादम. मालवणकडचा, कामाला चोख, माणसांत वजन असलेला. चळवळीच्या एका मोर्चात लाठी लागून त्याच्या भुवईवर व्रण राहिला होता. त्याच मोर्चात गंगारामही पकडला गेला होता. दोघांनी लॉकअपमध्ये एकत्र रात्र काढली होती, हे सगळ्या गिरणीला माहीत होते. दोघेही ती गोष्ट रंगवून सांगत.

मी परबला बोलावून नाव सांगितले.

"साहेब, माझा काय म्हणणा नाय. गंगाराम माझो दोस्त. लॉकअपात एका ताटात जेवलाव आमी."

"मग प्रश्न मिटला."

"ताट येगळा, खाता येगळा. नव्या धोट्यात सूत दर वेळी आपसूक जाता काय?"

"बहुतेक वेळा."

"आणि चुकला तर?"

"हूक दिला आहे. हुकाने ओढायचं."

"घाईत हूक कोण शोधता, साहेब? तोंडच लागता. सवय हा ती. एकदा जरी त्याचा तोंड लागला, तर खाता बंद पडला म्हणून समजा."

मुद्दा तांत्रिक होता. तांत्रिक मुद्द्याला तांत्रिक उत्तर द्यावे, असे मला शिकवले होते. मी म्हटले, "सूत एकदाही चुकत नाही, असं दाखवलं तर?"

"तर मी काय बोलतलय?" परब म्हणाला.

एक साचा वर्कशॉपजवळच्या मोकळ्या जागेत हलवला आणि मी कामाला लागलो. गंगाराम त्याची पाळी संपली की येऊन उभा राही. विणकाम तो तिथेच शिकला. साळखात्यात माणूस शिके तो भावाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभा राहून. त्याचा तिथे कोणी गाववाला नव्हता.

सूत चुकत होते ही गोष्ट खरी होती. हे धोटे ज्यांनी बनवले, त्यांच्यासमोर बारीक सूत होते. परेरांच्या कापडाचे सूत जाड होते. ते चिरेच्या तोंडाशी येऊन अडे. मी चीर कानशीने किंचित रुंद केली. मग सूत आत जाऊ लागले, पण सैल असले की उडी मारून बाहेर येई. ते ताणलेले राहावे म्हणून धोट्याच्या आत केसाळ कातड्याचा एक तुकडा चिकटवलेला असतो. तो बदलून दाट केसांचा लावला. तो फार दाट झाला आणि सूत तुटू लागले. मग पुन्हा विरळ केला.

"साहेब, मुलगी दाखवायलासुद्धा एवढे दिवस लागत नाहीत," गंगाराम एकदा म्हणाला.

"तिथे नापास झाली तर दुसरी असते. मशीन एकच आहे."

"आणि मीपण एकच," तो म्हणाला. तो हसत होता. मी हसलो नाही, कारण त्याचे म्हणणे बरोबर होते.

अखेर जमले. परब एका दुपारी आला आणि साच्याशेजारी पेटी ओढून बसला. कांडीमागून कांडी बदलत गेली. सूत एकदाही चुकले नाही. तो मुद्दाम उठून चक्राजवळ गेला, कांड्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या, पुन्हा बसला. पाळी सुटायच्या सुमारास उठला.

"मशीन बरा हा. घ्या त्याका."

"खात्यात सांगशील?"

"सांगतंय."

ओळीतल्या सगळ्या धोट्यांना तीच दुरुस्ती केली. सुरुवातीला नवे साचे फक्त दिवसाच्या एका पाळीत चालवले. गंगाराम आणि आणखी दोन नवे विणकर त्यांवर होते. प्रत्येकाचे साचे ठरलेले होते. गंगारामचे कापड मी स्वतः दिव्यावर धरून पाहत असे. पट्टी नव्हती. परेरांनी त्या कापडाची फळी केली, गिअर कापले, ते त्यांच्या टेस्ट मशीनवर फिरवले. नंतर ते स्वतः खात्यात आले. असे ते सहसा करीत नसत.

"हे कापड कोणी विणलं?"

मी गंगारामकडे बोट केले. परेरांनी त्याचा हात हातात घेतला. "गुड. असंच पाहिजे. आता दुप्पट द्या."

दुप्पट द्यायचे म्हणजे दोन पाळ्या आल्या. दुसऱ्या पाळीसाठी परबने जुन्या विणकरांतले चांगले हात निवडले. पहिल्या दिवशी साडेतीनच्या भोंग्याला गंगाराम साच्यांपासून बाजूला झाला. दुसऱ्या पाळीचे विणकर आले आणि साच्यांसमोर हाताची घडी घालून उभे राहिले. कोणी घोषणा दिली नाही. कोणी वाईट शब्द बोलला नाही. फक्त गंगारामच्या साच्यांना कोणी हात लावला नाही.

मी परबला विचारले, "काय झालं?"

"धोटे बदलून मागतत."

"कशाला? तोंड लागत नाही, हे तू स्वतः पाहिलंस."

"हात लागता मा, साहेब."

"मोर्चात हातात हात घालून चालता."

परबने माझ्याकडे पाहिले नाही. "तोंडाचा कारण होता तोपर्यंत बरा होता," तो म्हणाला. "बोलाक तरी येय."

गंगाराम अजून तिथेच उभा होता. त्याने हे ऐकले. तो पुढे आला आणि परबच्या खांद्यावर हात ठेवला.

"परबा, हा हात लॉकअपात तुझं डोकं दाबत होता रे रात्रभर. तेव्हा नाही बदलून मागितलास."

"गप रे गंग्या. माका लाज येता."

"लाज वाटते ना? मग सांग त्यांना."

"सांगलंय. आयकत नाय. हयसर दोन गट पडले तर उद्याच्या हरताळात कोण कोणाच्या मागे उभो रवतलो? मुंबई मिळूक होई. आता फूट नको. मागाहून बघू."

"मागाहून म्हणजे कधी?"

मुंबई मिळाली पाहिजे, हे गंगारामचेही म्हणणे होते. तो त्यासाठी परबइतकाच मार खाऊन आला होता. म्हणून तो त्या दिवशी जास्त बोलला नाही आणि घरी गेला.

मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी तोडगा काढला. गंगारामचे धोटे वेगळे ठेवायचे. त्यांवर लाल रंगाची खूण करायची. त्याची पाळी सुटली की ते काढून पेटीत ठेवायचे आणि दुसऱ्या पाळीने आपले धोटे घालायचे.

मी म्हटले, "साहेब, हे मशीनला चालणार नाही."

"मशीनला काय कळतं?"

"मशीनला एवढंच कळतं."

कारण साधे होते. धोटा साच्याच्या एका टोकाकडून फेकला जातो आणि दुसऱ्या टोकाच्या खोक्यात जाऊन थांबतो. त्याला थांबवायला खोक्यात कातडे लावलेली एक पट्टी असते. ती पट्टी त्याच धोट्याच्या जाडीला लावलेली असते. दुसरा धोटा केसभर जाड असेल तर पट्टी त्याला आधीच धरते. केसभर बारीक असेल तर तो आपटून मागे येतो. दोन्ही वेळा आडवा धागा सैल पडतो आणि कापडात त्याची गाठ नाहीतर फास राहतो. म्हणून साच्याचा धोटा बदलत नाहीत. बदलावाच लागला, तर सगळे खोके नव्याने लावून घेतात. दिवसातून दोनदा बदलायचा, ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात नव्हती. लिहिणाऱ्यांना ती सुचली नसावी.

मॅनेजरसाहेबांनी सगळे ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते.

"कर्णिक, शहरात काय चाललंय ते तुम्ही बघता. आज गिरणी उघडेल की नाही, हे मला सकाळी कळतं. त्यात माझ्याच खात्यात मी काडी टाकू? तुम्ही धोटे सारखे करून घ्या. तुम्ही इंजिनिअर आहात."

"त्याऐवजी दुसऱ्या पाळीला सक्त ताकीद द्या."

"देतो. आणि त्यांनी साचे सोडले तर तुम्ही चालवणार?"

मी धोटे सारखे करायला घेतले. वजन करून जोड्या लावल्या. घासून जाडी जुळवली. एका आठवड्यात त्या जोड्या बिघडल्या. धोटा लाकडी असतो. धावणारा धोटा तापतो, कोरडा पडतो, गुळगुळीत होतो. पेटीत पडलेला धोटा खात्यातली दमट हवा पितो आणि फुगतो. मी पेटी साच्यांजवळ ठेवून पाहिली. धोट्यांना तेल पाजून पाहिले. वापरातले लाकूड आणि पेटीतले लाकूड सारखे राहिले नाही.

साचे आपटू लागले. आधी तो आवाज दुसऱ्या पाळीत यायचा, मग दोन्ही पाळ्यांत येऊ लागला, कारण दर पाळीला जो तो खोक्याची पट्टी आपल्या धोट्यापुरती ठोकून घेई. धोटे उडू लागले. एकदा एक धोटा उभ्या धाग्यांत अडकून शेकडो धागे एकदम तुटले. तो लाल खुणेचा नव्हता. तरी खात्यात बोलले गेले ते गंगारामच्याच साच्यांबद्दल. "त्याच्या साच्यांवर असंच होतंय," असे लोक म्हणत. ते खोटे नव्हते. धोटे फक्त त्याच्याच साच्यांवर बदलत होते.

गंगारामने एक मार्ग सुचवला. "साहेब, माझे साचे दुसऱ्या पाळीला बंद ठेवा. मी एकटा जेवढं विणतो तेवढं चांगलं घ्या." मी तो मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला. परदेशातून आणलेले साचे अर्धा दिवस झाकून ठेवायला ते तयार झाले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर बसून ते बरोबरही असेल.

मग परेरा आले. ह्या वेळी गिअर आणला नव्हता. कापडाचाच तुकडा आणला होता. त्यावर पेन्सिलीने गोल केले होते. प्रत्येक गोलात एक फास होता.

"आधी पट्टी होती. आता हे. हे जास्त वाईट, कर्णिक. फासात रेझिनचा गोळा होतो. दात तिथंच फुटतो."

"कारण मला माहीत आहे."

"मग काढून टाका."

"मशीनमध्ये नाही ते."

परेरांनी ओळीच्या टोकाशी ठेवलेली पेटी पाहिली. लाल खुणा पाहिल्या. त्यांना विचारावे लागले नाही. ते ह्याच शहरात जन्मले होते.

"माझ्या गिऱ्हाइकाला दात पाहिजे," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला मी हे काय सांगू? सॉरी." त्यांनी माल परत केला.

मॅनेजरसाहेबांनी गंगारामला बोलावले. मीही होतो.

"जाधव, तुझं काम चांगलं आहे. कर्णिकसाहेब तसं म्हणतात. पण सध्या वातावरण बरोबर नाही. तू तात्पुरता रिंग खात्यात परत जा."

"तात्पुरता?"

"हो."

"तात्पुरतं म्हणजे साहेब, माझ्या बापाच्या वेळेपासून चाललंय तेच ना?"

मॅनेजरसाहेबांनी समोरचे कागद सारखे केले. गंगारामने माझ्याकडे पाहिले. "मशीन चांगलं होतं, साहेब," तो म्हणाला आणि निघून गेला. मला वाईट वाटले. तसे मी मॅनेजरसाहेबांना त्याच खोलीत सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यांनाही वाटले असावे. निर्णय बदलला नाही.

गंगाराम गेल्यावर लाल खुणेचे धोटे जळणात गेले. पेटीचे काम उरले नाही. खोके मात्र ठोकून ठोकून वाकडे झाले होते. ते पुन्हा नीट लावेपर्यंत परेरांच्या कारखान्याने दुसऱ्या गिरणीशी करार केला होता. परेरांनी तसे मला स्वतः येऊन सांगितले. आमच्या साच्यांना जाड कापडाचे दुसरे गिऱ्हाईक मिळाले नाही. त्यांवर धोतरे विणायला घेतली. धोतराला कांडीची पट्टी चालते. म्हणून काही महिन्यांनी कांड्यांची चक्रे काढून स्टोअरमध्ये टाकली, आणि त्या साच्यांना जुने, तोंडाने ओढायचे धोटे बसवले. ते स्वस्त पडत. वरच्या ऑफिसात निष्कर्ष निघाला की ऑटोमॅटिक साचा इथल्या हवेला मानवत नाही. हवेबद्दल मी हरकत घेतली. ती कोणी मनावर घेतली नाही.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. गिरणीच्या फाटकावर तोरण लागले. पेढ्यांचे पुडे आले. परब गुलालात माखला होता. गर्दीत त्याला गंगाराम दिसला, तेव्हा त्याने पुडा फोडला आणि एक पेढा आपल्या हाताने त्याच्या तोंडात भरवला. गंगारामने उरलेला अर्धा परबच्या तोंडात घातला. परबने तो खाल्ला. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. ते रडणे खरे होते. मी चार पावलांवर उभा होतो. त्या वेळी परबला काही विचारावे असे मनात आले होते. पण तो दिवस सणाचा होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला परब साळखात्यात गेला आणि गंगाराम रिंग खात्यात. "मागाहून बघू" असे जे ठरले होते, त्याचा विषय दोघांपैकी कोणी काढल्याचे मला कळले नाही. गंगाराम वडिलांसारखाच रिंग खात्यातून निवृत्त झाला.

मी पुढे आणखी काही गिरण्यांत मशीने बसवली. मशीन बसवण्यापूर्वी पाया, शाफ्ट आणि हवेतला दमटपणा तपासतात. मी त्यांत एक गोष्ट वाढवली. पाळी बदलताना कोण कोणाच्या हातून काय घेतो, ते मी आधी उभे राहून पाहत असे आणि मॅनेजरला सांगत असे. बहुतेकांनी सांगितले की तो इंजिनिअरचा विषय नाही. जिथे तसे सांगितले, तिथे मशीन अपेक्षेपेक्षा कमी चालले.